आकडा सांगतो, पण आधी बाटल्या मोजू

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

माझं वय ४८, राहणार नाशिक. एका कारखान्यात सुपरवायझर आहे. संध्याकाळी कामावरून आलो, अंघोळ झाली की घरीच दोन पेग घेतो. व्हिस्की, पाण्याबरोबर. संकष्टी सोडली तर रोज. शनिवारी मित्राच्या गच्चीवर बसतो तेव्हा थोडी जास्त होते, एखादी सिगारेटही होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत दारूमुळे एक खाडा नाही. कधी रस्त्यात पडलो नाही, बायकोवर हात उगारला नाही. तरी तिचं रोज सुरू असतं. माझ्या रिकाम्या बाटल्या ती माळ्यावर ठेवते आणि महिन्याच्या शेवटी भंगारवाल्याला देताना मला मोजून दाखवते. मागच्या महिन्यात सात खंबे निघाले. या मोजण्यानं माझं डोकं फिरतं.

पाच वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी चालू आहे, बीपीची एक आहे. कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफीला फॅटी लिव्हर ग्रेड २ आलं. यकृतासाठी केलेल्या रक्ततपासणीत एसजीओटी ९२, एसजीपीटी ६१. हल्ली महिन्यातून दोन-तीनदा पहाटे तीनच्या सुमारास घामाघूम होऊन जाग येते, छाती धडधडते. ॲसिडिटी असावी. मी दरवर्षी श्रावण पाळतो, म्हणजे व्यसन नाही हे नक्की. गेल्या वर्षी मात्र चौथ्या दिवशी मोडावा लागला. झोप येईना, हात थरथरायला लागले. कामाचं टेन्शन होतं.

एक मित्र म्हणतो, दोन पेग हृदयाला चांगले. दुसरा म्हणतो, व्हिस्की सोड आणि आपल्या नाशिकची वाइन घे. मला भाषण नको. किती घेतली तर चालते आणि किती म्हणजे जास्त, तेवढा आकडा सांगा.

– एक वाचक, नाशिक

नमस्कार.

भाषण देणार नाही, आणि आकडाही सांगेन. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आकड्याच्या आधी अडकलो ते पहाटेच्या घामापाशी आणि गेल्या श्रावणात थरथरलेल्या हातांपाशी. म्हणून पुढचं वाचण्याआधी एक विनंती. हे उत्तर वाचून तिरीमिरीत आज रात्रीपासूनच दारू एकदम बंद करू नका. एका डॉक्टरनं असं म्हणावं याचं वहिनींना नवल वाटेल, कदाचित रागही येईल. त्यामागचं कारण खाली सविस्तर लिहिलं आहे.

आता हिशेब. दारूचं मोजमाप पेगमध्ये केलं की फसगत होते. ते करायचं तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे शंभर मिलीमध्ये जवळपास ४३ मिली अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्या एका मिलीचं वजन साधारण ०.८ ग्रॅम भरतं. परमिट रूममध्ये मापानं मिळणाऱ्या ३० मिलीच्या स्मॉलमध्ये १० ग्रॅम अल्कोहोल येतं आणि ६० मिलीच्या लार्जमध्ये २०. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकी सगळं तोंडी करता येतं.

तुम्ही दोन पेग म्हणता. ते दोन्ही लार्ज धरले तर दिवसाला १२० मिली, म्हणजे ४० ग्रॅम. आता वहिनींची मोजणी बघू. खंबा ७५० मिलीचा. सात खंबे म्हणजे ५,२५० मिली. तीस दिवसांनी भागलं की रोजचे १७५ मिली. एक क्वार्टर १८० मिलीची असते. तुमच्या घरात रोज जवळजवळ एक क्वार्टर संपते आहे आणि ती दोनदा ओतली जाते म्हणून तुम्ही तिला दोन पेग म्हणता. अल्कोहोलच्या भाषेत हे रोजचे ५९ ग्रॅम झाले, आठवड्याचे ४१० च्या वर. मित्राच्या गच्चीवरची शनिवारची दारू यात धरलेलीच नाही. तिच्या बाटल्या तुमच्या माळ्यावर येत नाहीत.

तुम्ही खोटं बोलताय असं मला मुळीच म्हणायचं नाही. थकून आलेला माणूस अंदाजानं ओततो आणि अंदाज नेहमी आपल्या बाजूनं झुकतो. मी दवाखान्यात रुग्णाला एक पेला देतो, पाण्याचा जग देतो आणि म्हणतो, तुमचा एक पेग ओतून दाखवा. मग तेच पाणी मापात काढतो. ८० मिली, ९० मिली भरतं, कधी शंभरही. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य असतं. आज घरातलं खोकल्याच्या औषधाचं माप घ्या आणि हा प्रयोग स्वतः करून बघा. वहिनी बाटल्या मोजतात याचा तुम्हाला राग येतो, पण तुमच्या आरोग्याविषयी तुमच्या घरात झालेलं सर्वांत अचूक मोजमाप तेच आहे. मला तुमचं रक्त तपासायच्या आधी त्यांच्या मोजणीनं निम्मं सांगून टाकलं.

वाइनचं म्हणाल तर तीही याच तराजूत घालू. १३ टक्क्यांच्या वाइनची ७५० मिलीची अख्खी बाटली म्हणजे ७७ ग्रॅम अल्कोहोल. १५० मिलीच्या एका ग्लासात १५ ग्रॅम. द्राक्षं दिंडोरीची असोत की फ्रान्सची, यकृताला ती कळत नाहीत, त्याला अल्कोहोल कळतं. ‘बीअर म्हणजे काही दारू नव्हे’ असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची एक बाटली ४१ ग्रॅम भरते, म्हणजे दोन लार्ज. ती गार असते, फेसाळ असते, उन्हाळ्यात पटकन उतरते, एवढाच फरक.

आता तुम्ही मागितलेला आकडा.

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. घोटभर प्यायलेला माणूस आजारी पडतो असा याचा अर्थ नाही. धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो आणि प्रमाणाबरोबर चढत जातो, जिथपर्यंत धोका नाहीच अशी रेघ ओढता येत नाही, असा त्याचा अर्थ. यामागचं मोठं कारण कर्करोग. दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं गेलं ते १९८८ मध्येच. तंबाखू त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. तिच्या जोडीला तंबाखू आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे दोन धोके नुसते बेरजेनं वाढत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. शनिवारची ती ‘एखादी’ सिगारेट आणि आपल्याकडे चकण्याच्या बशीशेजारी सुटणारी मावा-खर्ऱ्याची पुडी मला म्हणूनच फार खटकते.

तरीही काही देशांनी लोकांना हाताशी धरायला एक रेघ आखून दिली आहे. ब्रिटननं २०१६ मध्ये ती आणली आठवड्याला ११२ ग्रॅमवर, पुरुषांना आणि स्त्रियांना सारखीच, आणि तीही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात १९ देशांतल्या जवळपास ६ लाख पिणाऱ्यांची माहिती एकत्र केली होती. त्यात आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे गेलं की आयुष्य कमी होताना दिसलं. ३५० ग्रॅमच्या वर पिणाऱ्या गटात चाळिशीतल्या माणसाचं अपेक्षित आयुष्य ४ ते ५ वर्षांनी घटलं होतं. हे गटाचे सरासरी आकडे आहेत, तुमची पत्रिका नव्हे. पण तुम्ही कोणत्या गटात बसता ते आपण आत्ताच मोजलं.

तेव्हा ज्याला कसलाही आजार नाही, कसली गोळी चालू नाही आणि जो प्यायचीच म्हणतो, अशा धडधाकट माणसाला मी एवढंच सांगतो: मापानं ओतलेले पाच लार्ज ही आठवड्याची शेवटची कड समज. ते एका रात्रीत नकोत आणि आठवड्यातले निदान तीन-चार दिवस पूर्ण कोरडे हवेत. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू त्यांच्या रक्तात जास्त चढते. त्यांनी याहूनही खाली राहावं. गरोदरपणात शून्य. साठीच्या पुढच्यांनाही ती जास्त चढते. जे पीत नाहीत त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून ती सुरू करण्याचं काहीच कारण नाही.

हा आकडा तुमचा नाही. तुमचा आकडा शून्य आहे.

तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून तो शून्य नाही. कामावर न चुकता जाणारा, घर चालवणारा, हात न उगारणारा माणूस पत्रातून मला दिसतो. पण यकृत खाडे मोजत नाही. तो शून्य आहे तुमची साखर, तुमची गोळी, तुमचा रक्तदाब आणि तुमचं यकृत या चौघांमुळे. शेवटून सुरुवात करतो.

साखर असलेल्या, पोट सुटलेल्या माणसाच्या यकृतात दारूशिवायही चरबी साठते. तुमच्या बाबतीत दोन नळ एकाच टाकीत सुटले आहेत. नुसत्या साखरेमुळे झालेल्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला बहुधा एसजीपीटी जास्त असतं. तुमचं एसजीओटी वर आहे आणि एसजीपीटीच्या दीडपट आहे. हे प्रमाण दुपटीच्या वर गेलं की आम्ही जवळपास नक्की दारूकडे बोट दाखवतो. तुमचं त्या दिशेनं निघालं आहे. आणखी एक गैरसमज इथेच काढतो. हे आकडे थोडेच वाढले आहेत म्हणजे यकृताचं थोडंच बिघडलं आहे असं नसतं. यकृताला व्रण पडून ते आतून कडक व्हायला लागलं तरी रक्ताचे हे दोन आकडे जवळपास ठीक दिसू शकतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना जीजीटी, प्लेटलेट्ससह सीबीसी, अल्ब्युमिन या रक्ताच्या तपासण्यांबद्दल आणि फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. यकृत किती कडक झालं आहे ते फायब्रोस्कॅन सांगतं. पोटावर टेकवून होणारी तपासणी आहे ती, सुई नाही, दुखत नाही. यकृत मनानं मोठं असतं. दारूमुळे साठलेली चरबी, दारू पूर्ण थांबली तर दोन ते सहा आठवड्यांत बरीच ओसरते. व्रण मात्र इतक्या सहज जात नाहीत, त्यामुळे ते पडण्याआधीचे महिने फार मोलाचे असतात. तुम्ही त्या महिन्यांत असाल अशी मला आशा आहे, आणि ते तपासूनच कळेल.

रक्तदाबाचं थोडक्यात. रोजची दारू दाब वाढवते, गोळीचा डोस वाढत जातो, आणि दारू थांबली की काही आठवड्यांत तो उतरू लागतो. हृदयाला दोन पेग चांगले हे तुमच्या मित्राचं म्हणणं त्यानं स्वतः रचलेलं नाही. एके काळी डॉक्टरही ते मानत. जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे, अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसायचे. नंतर लक्षात आलं की न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारपणामुळे प्यायची सोडलेले लोकही उभे होते, आणि थोडी पिणारे बहुतेक खाऊनपिऊन सुखी, चांगले उपचार परवडणारे. तो फरक वजा केला तेव्हा दारूच्या पदरात फारसं काही उरलं नाही. जोडीला, दारू हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. सुट्टीच्या दिवशी भरपूर पिऊन धडधड घेऊन येणारे रुग्ण प्रत्येक फिजिशियननं पाहिलेले असतात.

आता तुमची गोळी, म्हणजे तो पहाटेचा घाम. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ही गोष्ट तुम्ही ॲसिडिटी म्हणून सोडून दिली आहे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं आणि साखर खाली आणतं. ती फारच खाली जायला लागली तर यकृत आपल्या साठ्यातून आणि नवी साखर तयार करून तिला सावरतं. पण रात्री यकृत दारू निस्तरण्यात गुंतलेलं असतं. तासाला सात ते दहा ग्रॅम, एवढाच त्याचा वेग. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानंही तो वाढत नाही. रात्री साडेनऊला संपलेले ५९ ग्रॅम निस्तरायला पहाटेचे तीन-चार वाजतात. तोवर नवी साखर तयार करण्याचं काम मागे पडतं. त्यात शेंगदाणे-फरसाणावर पोट भरून जेवण अर्धवट झालं असेल तर साखर झोपेतच कोसळू शकते. घाम, धडधड, थरथर, असंबद्ध बडबड. आणि यातलं घातक काय, तर तोंडाला वास असल्यामुळे घरच्यांना वाटतं, चढली आहे, झोपू दे. वहिनींनी हे वाक्य लक्षात ठेवावं: पिऊन झोपलेला मधुमेही उठवल्यावर नीट उठत नसेल तर ती नशाच आहे असं धरून चालायचं नाही.

पुढच्या वेळी अशी जाग आली की ग्लुकोमीटरवर बोट टोचा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि वर आली की पोळी-भाकरीचा तुकडा खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. साखर नीट असूनही घाम आणि धडधड असेल तर दोन शक्यता राहतात. एक हृदयाची, त्यासाठी ईसीजी या आठवड्यातच काढा. छातीत दाब किंवा दुखणं असेल तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दुसरी शक्यता अशी की रक्तातली दारू उतरत आली आहे आणि शरीर ती मागतं आहे.

या दुसऱ्या शक्यतेमुळेच मला तुमचा श्रावण महत्त्वाचा वाटतो. ‘श्रावण पाळतो म्हणजे व्यसन नाही’ हे मी हजारदा ऐकलं आहे आणि म्हणणारा मनापासून म्हणत असतो. पूर्वी तो तुम्हाला पाळताही येत होता. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी मोडला, आणि तो श्रद्धा कमी पडली म्हणून किंवा कामाचं टेन्शन होतं म्हणून मोडला असं मला वाटत नाही. रोजच्या दारूनं मेंदू दाबला जातो. त्या दाबावर मात करण्यासाठी मेंदू आपला वेग वाढवून ठेवतो. मग एके दिवशी दाब अचानक निघाला की तो वाढलेला वेग उघडा पडतो: झोप उडते, हात कापतात, घाम येतो, चिडचिड होते. गटारीला भरपूर आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम कोरडं, हा आपल्याकडचा क्रम शरीराला सर्वांत कठीण जातो. बहुतेकांचं थरथरण्यावर निभावतं. काहींना मात्र ६ ते ४८ तासांत फिट येते, आणि काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. ज्याचे हात एकदा थरथरले त्याला पुढच्या खेपेला जास्त त्रास होण्याची शक्यता असते. आज रात्री एकदम बंद करू नका म्हटलं ते यासाठी.

हे सगळं टाळता येतं आणि अवघडही नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियन थोड्या दिवसांसाठी औषधं देतात, रोज कमी करत नेतात, जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि आठवडा-दहा दिवसांत माणूस या टप्प्यातून बाहेर पडतो. पुष्कळांना दाखलही व्हावं लागत नाही. ही औषधं ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणून घरी घ्यायची नाहीत. झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली तर श्वास मंदावतो. नंतर ओढ कमी करणारी औषधंही आहेत, पण यकृत बघूनच ती निवडावी लागतात. जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून जाता येतं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, आणि १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकांवर फुकट बोलता येतं. यात लाज कसली? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेल्या भारतीयांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या घरात निघाली होती.

डॉक्टर तुम्हाला चार प्रश्न विचारतील. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी बोललं की राग येतो का? प्यायल्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर उतारा म्हणून घोट लागतो का? यातल्या दोघांना ‘हो’ आलं तरी आम्ही गंभीरपणे घेतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. उरलेल्या तिघांची खरी उत्तरं द्या. चौथ्याचं तर एक घोटही न लपवता द्या, औषधाचा डोस त्यावर ठरतो.

डॉक्टरांची भेट होईपर्यंतच्या दोन-तीन दिवसांसाठी: मापानं ओता, नेहमीपेक्षा थेंबभरही जास्त नाही. आधी नीट जेवा, मग काय ते. गोळ्यांचे डोस स्वतःच्या मनानं बदलू नका. दुखलं-खुपलं म्हणून पॅरासिटॅमॉल खात सुटू नका, तुमच्या यकृताला तेही जड आहे. आणि ग्लास संपल्यावर गाडीला हात लावायचा नाही. आपल्या कायद्याची हद्द रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची आहे, दोन लार्जमध्ये बहुतेक माणसं ती ओलांडतात. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत बसलेल्याच्या अंगात रविवारी सकाळीही ती शिल्लक असू शकते.

वहिनी, हा भाग तुमच्यासाठी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही एसटी स्टँडच्या भिंतींवर, मोबाइलवर पाहिल्या असतील. भाजीत, चहात मिसळायची पूड. कितीही वैतागलात तरी ती आणू नका. अशा काही पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, दाब कोसळतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टरही देतात, पण रुग्णाला सांगून, त्याची तयारी बघून आणि तपासण्या करून. डोळे पिवळे दिसले, रक्ताची उलटी झाली, शौचाला डांबरासारखं काळं झालं, फिट आली किंवा ते बरळू लागले, तर शेजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार न करता १०८ ला फोन करा. बाटल्या मोजणं चालू ठेवा, फक्त त्यांना मोजून दाखवायचं आता थांबवा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना दाखवा. तिथे त्याचं भांडण होणार नाही, त्यावरून उपचार ठरतील.

आणि तुम्ही. मी तुमच्याकडून जन्मभराची शपथ मागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवा आणि पहिले तीन महिने पूर्ण कोरडे जाऊ द्या. तीन महिन्यांनी तेच रक्त, तीच सोनोग्राफी पुन्हा करा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. पुढचं बोलणं आपण त्या कागदांवर करू. संध्याकाळी अंघोळीनंतरचा तो एक तास सुरुवातीला खायला उठेल हे मला माहीत आहे. दिवसभर मशीनच्या आवाजात काढलेल्या माणसाला तो तास हवा असतो, आणि तो तुमचा हक्कच आहे. फक्त त्या वेळी घरी बसू नका. गोदाकाठी जा, भाजी आणायला जा, वहिनींना घेऊन चालायला जा, आणि साडेआठच्या आत जेवून घ्या. भरल्या पोटी ओढ बरीच उतरते.

शनिवारी मित्र बोलावतील, आग्रह करतील, ‘एकानं काय होतं’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, या उत्तरातलं गणितही समजावत बसू नका. लिव्हरसाठी डॉक्टरनं तीन महिने बंद सांगितली आहे, एवढं म्हणा. ते खरंच आहे, मी सांगितली आहे.